कापड असं होतं तर!

मागाची पट्टी वर उचलली आणि समोरचे ८० धागे दोन थरांत वेगळे झाले. ४० वर, ४० खाली, आणि मधे हात जाईल एवढी फट! त्या फटीतून आडव्या धाग्याचा धोटा सरकवला, पट्टी पुढे ओढून आडवा धागा जागेवर बसवला, पट्टी खाली दाबली. आता मघाशी वर असलेले ४० खाली गेले आणि पुन्हा फट उघडली, पण उलटी. धोटा परत आला. मघाचा धागा या दोन थरांच्या कात्रीत अडकला तो अडकलाच, आता तो कुठे जात नाही. गाठ नाही, टाका नाही, डिंक नाही. नुसतं एकाच्या वरून, दुसऱ्याच्या खालून. अंगावरचा सदरा, खिडकीचा पडदा, दवाखान्यातली मलमपट्टी, होडीचं शीड, सगळं यावरच उभं आहे! हे मला कुणी आधी का दाखवलं नाही, असं ओरडावंसं वाटलं.

आणि मी कुठली, तर इचलकरंजीची. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी यंत्रमाग आणला त्या गावची. आमच्या गल्लीत रात्री आवाज थांबला, की माणसं दचकून जागी व्हायची. लाईट गेली असं तो आवाज थांबण्यावरूनच कळायचं. बीम, कांडी, पिक, जॉबर, सायझिंग, वहिफणी हे शब्द मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आले. कुणाची मजुरी पिकावर ठरते, कुणाचा बीम संपलाय, हे ओट्यावरच्या गप्पांतून कानावर पडायचं. पण यंत्रमागावर मिनिटाला शंभरावर पिकं, म्हणजे आडवे धागे, पडतात. धोटा दिसत नाही, दिसते ती त्याची रेघ. फट कधी उघडली, कधी मिटली, डोळ्याला कळतच नाही. कापडाच्या गावात वाढून मी कापड होताना पाहिलंच नव्हतं. ते पाहिलं पुण्यात, स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर, माझ्या हाताच्या वेगाने.

म्हणून पहिला माग कोणता घ्यावा असं कुणी विचारलं, तर माझं उत्तर ठरलेलं आहे. ज्यावर फट डोळ्यांनी दिसेल, हवं तिथे थांबून बघता येईल, असा घ्यावा.

तसे रस्ते पुष्कळ आहेत. सगळ्यात साधा म्हणजे जाड पुठ्ठा. दोन्ही कडांना सारख्या अंतरावर कापे द्यायचे, त्यांतून दोरा उभा ताणायचा आणि जाड सुईने वर-खाली, वर-खाली ओवत जायचं. चहाच्या कपाखालचा रुमाल संध्याकाळपर्यंत होतो. लाकडी चौकटीवरही हेच. त्यात चित्र विणता येतं, रंग मधेच बदलता येतो, पण फट आपोआप उघडत नाही, दर धाग्याला सुई वाट काढत जाते. हात बसायला उत्तम, पण दोन मीटरचा मफलर त्यावर काढायचा म्हटलं तर धीर सुटेल. दुसरा रस्ता पट्ट्यांचा, इंकल नावाचा छोटा खुंट्यांचा माग. त्यावर कमरपट्टा, पिशवीचा बंद असं अरुंद पण भक्कम काम होतं, त्यात उभेच धागे दिसतात, आडवे आत लपतात. तिसरा कमरमाग. नागालँड, मिझोराम, अरुणाचलमधल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या विणतात तो. माग म्हणजे काय, तर काही काठ्या आणि कमरेमागून जाणारा एक पट्टा. ताण विणणारीच्या पाठीत. मागे रेललं की धागे ताठ, पुढे झुकलं की सैल. काय विलक्षण गोष्ट आहे ही! माणूसच मागाचा अर्धा भाग. मला तो एक दिवस शिकायचाच आहे, पण तो कुणाच्या शेजारी बसून शिकावा असं मला मनापासून वाटतं.

आणि मग मोठा हातमाग, पायाने दाबायच्या पावड्यांचा. त्याला खोलीतला एक कोपरा नाही, जवळजवळ खोलीच लागते. तो ज्यांना विणकामावर पोट भरायचंय किंवा मोठं काम करायचंय त्यांनी घ्यावा, पण आधी कुणाच्या तरी मागावर महिनाभर बसून.

मी घेतला तो टेबलावर मावणारा, रिजिड हेडल म्हणतात तो. इचलकरंजीच्या माणसाला त्याची ओळख एका वाक्यात करून देता येईल. धागे उचलणारी वही आणि आडवा धागा ठोकणारी फणी यात वेगळी नाहीत, एकाच पट्टीत आहेत. पट्टीत आलटून पालटून एक लांब खाच आणि एक भोक. भोकातला धागा पट्टीबरोबर वर जातो, पट्टीबरोबर खाली येतो. खाचेतला धागा मात्र आपल्या जागी स्थिर राहतो, कारण खाच लांब आहे, पट्टी त्याच्यावरून नुसती सरकते. झाली फट! आणि हीच पट्टी पुढे ओढली की फणीचं काम करते, आडवा धागा ठोकून बसवते. एका वस्तूत तीन कामं: धागे उचलणं, धाग्यांमधलं अंतर राखणं, बाणा म्हणजे आडवा धागा बसवणं. ज्या कुणाच्या डोक्यातून हे निघालं त्याला माझा साष्टांग नमस्कार.

बाकी मागात आहे तरी काय? पुढे एक रूळ, मागे एक रूळ, दोघांना दातेरी चाक आणि खिटी, म्हणजे ताण सुटत नाही. मागच्या रुळावर ताणा, म्हणजे उभे धागे, गुंडाळलेला, पुढच्यावर तयार कापड गुंडाळत जायचं. न्यूझीलंडची अ‍ॅशफर्ड ही १९३४ पासूनची कंपनी असे माग करते, अमेरिकेत, पोलंडमध्येही होतात. चांगला सुतार गाठ पडला तर चौकट आणि रूळ इथेही करून मिळतील. पट्टीत मात्र काटकसर नको. खाचा सारख्या नसतील, भोकांच्या कडा गुळगुळीत नसतील, तर धागे घासून तुटतात आणि कापडात रेघा उमटतात.

रुंदी किती घ्यावी? माझं म्हणणं ४० सेंटिमीटर. २५ सेंटिमीटरचे गोजिरवाणे माग मिळतात, पण त्यावर मफलरच्या पुढे जाता येत नाही. फार रुंद घेतला तर दर खेपेला दोन्ही हात लांबवून खांदे दुखतात. हा प्रश्न जुनाच आहे. इंग्लंडमध्ये १७३३ साली जॉन केने उडता धोटा काढला तोवर एकट्या विणकराच्या कापडाची रुंदी त्याच्या हातांच्या आवाक्याने ठरायची, त्याहून रुंद कापडाला मागाच्या दोन बाजूंना दोन माणसं बसवावी लागत. दोरीला झटका दिला की धोटा आपोआप पलीकडे जाऊ लागला आणि सगळं बदललं. टेबलावरच्या मागावर आपण १७३३ च्या आधीचे विणकर असतो. मला तर ते फार आवडतं.

आता सूत. सुताच्या नंबरांनी मी लहानपणी गोंधळून जायची, आणि आता ते इतके सोपे वाटतात! ८४० यार्डांची एक लडी. एका पौंडात अशा जितक्या लड्या बसतील तितका त्या सुताचा नंबर. म्हणून २० नंबर म्हणजे पौंडाला २० लड्या, ४० म्हणजे ४०, आणि अर्थातच नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. २/२० लिहिलं असेल तर २० नंबरचे दोन पदर एकत्र पिळलेले, म्हणजे जाडी १० नंबरइतकी. हे कळल्यावर सुताच्या दुकानातल्या कोनांवरचे आकडे बोलायला लागले.

पहिल्या ताण्याला गुळगुळीत, दुपदरी किंवा चौपदरी सुती धागा घ्यावा. दोन हातांत धरून हिसका द्यायचा. सहज तुटला तर तो ताण्याचा नाही, त्याचा बाणा करा. केसाळ लोकर दिसायला मोहक असते, पण शेजारच्या धाग्याला चिकटून बसते आणि फट उघडत नाही. एकेरी सुताचीही हीच गत, म्हणून तर आपल्याकडे ताण्याला खळ लावून पांजणी करायची पद्धत. घोंगडी विणणारे सनगर लोकरीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात ते याचसाठी: तंतू बसावेत, धागा ताठ व्हावा, घासणं सोसावं. आज इचलकरंजीतल्या सायझिंगच्या कारखान्यांत यंत्रावर होतं ते मुळात हेच काम. पिळदार दुपदरी सुताला टेबलावरच्या मागावर त्याची गरज पडत नाही.

पट्टी इंचाला किती घरांची, म्हणजे किती खाचा-भोकांची, हे ठरवायची युक्ती तर इतकी देखणी आहे! मोजपट्टीवर एक इंच जागेत सूत शेजारी शेजारी गुंडाळायचं, एकावर एक न चढवता. समजा २० वेढे बसले. निम्मे करा, १०. इंचाला १० घरांची पट्टी घ्या. निम्मे का? कारण प्रत्येक दोन उभ्या धाग्यांमधून एक आडवा जायचाय, त्याला जागा नको? सगळं गणित एवढ्यात आलं.

मफलरचंही गणित सांगते, कारण ते कागदावर मांडताना मला केवढा आनंद झाला. लांबी १८० सेंटिमीटर. दोन्ही टोकांना दशा १५-१५ सेंटिमीटर. विणताना आणि धुतल्यावर कापड आटतं, त्याचे साधारण दहा टक्के. मागाला अडकून राहणारं, विणता न येणारं टोक, ते अर्ध्या मीटरच्या आसपास. झाले पावणेतीन मीटर. रुंदी ८ इंच, इंचाला १० धागे, म्हणून ८० धागे. ८० गुणिले पावणेतीन, ताण्याला २२० मीटर. इंचाला ८ पिकं धरली तर बाण्याला सव्वाशे मीटरच्या आसपास. साडेतीनशे मीटर सूत गळ्याभोवती येणार! आपण कापड वापरतो तेव्हा किती लांबी अंगावर घेऊन फिरतो, याचा कधी विचार केला होता?

ताणा भरणं हे कंटाळवाणं काम, असं बरेच जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. टेबलाच्या एका कडेला माग, पावणेतीन मीटरवर दुसऱ्या टेबलाला एक खुंटी. मागच्या रुळाला सूत बांधायचं, त्याचा फास आकड्याने पहिल्या खाचेतून ओढायचा, चालत जाऊन खुंटीत अडकवायचा, परत यायचं, पुढची खाच. खाचेमागून खाच, येरझाऱ्या. घरात धाग्यांचा एक पूल उभा राहतो. मग खुंटीवरचे फास कापून, सगळा ताणा एका मुठीत धरून मागच्या रुळावर गुंडाळायचा, थरांमध्ये कागद घालत, म्हणजे वरचे धागे खालच्यांत रुतत नाहीत. मग प्रत्येक खाचेत जे दोन धागे आहेत त्यांतला एक काढून शेजारच्या भोकात ओवायचा.

हे ओवताना मला आमच्या गल्लीतले तात्या आठवले. आयुष्यभर वहिफणी केली त्यांनी. कारखान्यात नवा बीम आला की त्याचे दोन-तीन हजार धागे एकेक करून आधी वहीच्या डोळ्यातून, मग फणीच्या घरातून ओढायचे. एक जण धागा पुढे करणार, दुसरा आकड्याने ओढणार. ८० धाग्यांनीच माझ्या डोळ्यांवर ताण आला, तेव्हा त्या माणसाने आयुष्यात किती लाख धागे ओढले असतील या विचाराने मी सुन्न झाले. फोन केला. म्हटलं, “तात्या, मी घरी माग लावलाय.” पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, “ताणा सारखा झालाय का बघ आधी. तळहात फिरव वरनं. कुठं सैल लागला, तर तिथंच सोड आन्‌ परत बांध. बाणा काय, येतोय मागनं.”

पुस्तकांची पानंच्या पानं या तीन-चार वाक्यांत आली. तळहात सपाट ठेवून ताण्यावरून फिरवला की खरंच कळतं! डोळ्याला न दिसलेला सैल धागा हाताला लागतो. ८० धागे सारखे ताणलेले असले की त्यांवर बोट टेकवताना तबल्याच्या शाईवर टेकवल्यासारखं वाटतं.

मग सुरुवातीला टाकाऊ जाड धाग्याची चार-सहा पिकं, म्हणजे बांधलेल्या जुड्यांमधली पोकळी मिटते, धागे सारखे पसरतात. आणि मग खरा बाणा. इथे एक गोष्ट मनापासून सांगते: धागा फटीत सरळ टाकू नका. तिरका टाका, एका कडेकडून वर चढत जाणारा, आणि मग पट्टीने खाली आणा. आडवा धागा सरळ जात नाही, ८० धाग्यांच्या वरून-खालून लाटांसारखा जातो. त्याला रुंदीपेक्षा जास्त लांबी लागते. ती जास्तीची लांबी तिरकेपणातून मिळते. नाही दिली तर तो ती कडांकडून ओढून घेतो आणि कापड मधोमध बारीक होत जातं. आणि पट्टी आपटायची नाही. धागा नेऊन ठेवायचा. विणताना पिकांमध्ये थोडी जाळी दिसली तरी दिसू द्यायची, ताण सुटला आणि पाणी लागलं की ती भरते.

रंगांबद्दल लिहायला लागले तर थांबणं अवघड आहे. ताणा हिरवा, बाणा जांभळा. मागावर नुसतं विणकाम दिसतं, पण कापड हातात घेऊन वळवलं की एका बाजूने हिरवं, दुसऱ्या बाजूने जांभळं! पैठणीतली धूपछाँव ती हीच. तिसरा रंग कुठेही नाही, दोनच धागे, एक उभा, एक आडवा, आणि उजेड ज्या अंगाने पडेल तो रंग पुढे येतो. मी तो तुकडा घेऊन घरभर फिरले, दिव्याखाली, गॅलरीत, आरशासमोर.

त्याहून मोठा चमत्कार पुढे होता. ताण्यात एक गडद, एक फिका, एक गडद, एक फिका. बाण्यातही तसंच. विणकाम तेच साधं, वर-खाली. आणि कापडावर आल्या आडव्या रेघा! का, तर पट्टी वर असताना सगळे गडद वर येतात आणि तेव्हा बाणाही गडद पडतो, म्हणून एक अख्खी ओळ गडद. पट्टी खाली, सगळे फिके वर, बाणा फिका, ओळ फिकी. आता ताण्यात एका ठिकाणी दोन गडद धागे शेजारी ठेवायचे. त्या जागेपासून क्रम उलटा होतो आणि तिथून पुढे त्याच कापडात उभ्या रेघा सुरू! बाण्यातही तसंच दोन गडद लागोपाठ टाकले की पुन्हा अदलाबदल. उभ्या-आडव्या रेघांचे चौकोन एकमेकांत गुंफलेले दिसतात, जणू कुणी चटया विणून शेजारी मांडल्या. माग तोच, पट्टी तीच, एकही जादा हालचाल नाही.

तेव्हापासून घरातलं एकही कापड मला स्वस्थ बसू देत नाही. भिंग घेऊन बसते. जीन्सवर तिरप्या रेघा आहेत ना? आडवा धागा एकाआड एक न जाता तीन उभ्या धाग्यांखालून आणि एकावरून जातो, आणि दर पिकाला एक घर सरकतो. निळा ताणा वर, पांढरा बाणा आत. म्हणून जीन्स उलटी केली की पांढरट दिसते! आयुष्यभर घातली, कधी विचारलं नव्हतं. त्या तिरप्या विणीला साध्या मागावर चार वह्या लागतात. आईचं इरकल काढलं. अंग जिथे संपतं आणि टोपपदर सुरू होतो तिथे बोट फिरवलं. पदराचा रेशमी ताणा वेगळा करून अंगाच्या ताण्याला फासात फास घालून जोडलेला असतो, एकेक धागा. इतकी वर्षं त्या पदराखाली झोपले मी.

आणि पैठणी! येवल्यात काठ-पदराची नक्षी विणताना धोटा या काठापासून त्या काठापर्यंत पळत नाही. प्रत्येक रंगाची आपली छोटी कांडी, ती आपल्या जागेपुरती जाते, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकून परत फिरते. मागे लोंबणारा एक धागा नाही, म्हणून मोर दोन्ही बाजूंनी तितकाच रेखीव. २०१० साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. माझ्या चौकटीवरच्या सुईच्या कामाची जातकुळी याच विणीची आहे हे कळलं तेव्हा छाती भरून आली. गोव्याच्या कुणबी साडीच्या लाल चौकटींतही आता मी आधी ताण्याचे पट्टे मोजते, मग बाण्याचे.

मफलर मागावरून उतरवला तेव्हा तो कडक होता, धागे सुटे सुटे. दशांना पीळ दिले, कोमट पाण्यात साबण घालून भिजवला, पिळून न काढता टॉवेलात गुंडाळून दाबला, सपाट पसरून वाळवला. धागे फुगले, एकमेकांना धरून बसले, जाळी भरली. धुतल्याशिवाय विणकाम पुरं होत नाही, हे कुणीतरी मागाच्या खोक्यावरच छापायला हवं.

आता इंचाला १२ धागे बसतील अशी बारीक पट्टी मागवली आहे. आणि एक चपटी काठीही तासून घेतली आहे, खाचेतल्या धाग्यांमधले हवे तेवढेच निवडून वर उचलायला. तिने एकाच पट्टीवर छोटी ठिपक्यांची नक्षी निघते म्हणतात. काळं सूत आणि कुंकवाचा लाल, दोन्ही लड्या कोनावर गुंडाळून ठेवल्यात. तात्यांना सांगितलं तर म्हणाले, “खणासारखं काढतीस का काय? मग मी येतो पुण्याला, ताणा धरायला कुणीतरी पाहिजे की तुला.” रविवारी येतायत.